क्यूएमू स्वतः कंपाइल केलं, आता विंडो नाही आणि नेटपण नाही

कोरीपाटी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून धागा काढतोय. लॅपटॉपवर लिनक्स आहे, डिस्ट्रोसोबत आलेलं क्यूएमू (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) ६.२ होतं आणि ते व्यवस्थित चालत होतं, पण मला ९.२ पाहिजे होतं म्हणून सोर्स उतरवून स्वतः कंपाइल करायला बसलो आणि तिथून साडेसाती सुरू झाली. आधी पायथनचं व्हेन्व नाही म्हणून कॉन्फिगर अडलं, ते टाकलं, मग जीलिब नाही, ते टाकलं, सोबत पिक्समॅनही टाकलं, आणि शेवटी एकदाचं कंपाइल झालं एकही एरर न देता. मी खूश. मशीन चालू केलं तर म्हणतंय की नेटवर्क बॅकएंड 'युजर' या बायनरीत कंपाइल केलेला नाही. अरे पण ६.२ मध्ये हीच कमांड चालत होती ना! ते ऑप्शन काढून चालू केलं तर विंडोच उघडत नाही, टर्मिनलवर फक्त एक ओळ येते की व्हीएनसी सर्व्हर (मशीनचा स्क्रीन दुसऱ्या प्रोग्रामात दाखवणारा) १२७.०.०.१ वर ५९०० पोर्टला चालू आहे आणि पुढे ढिम्म.

मला करायचंय काय तर एक जुनं विंडोज एक्सपी चालवायचंय, कारण एका मोजमापाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं, आणि दोन लिनक्स मशीन एकमेकांशी बोलणारी पाहिजेत, शिकण्यासाठी. कुठं चुकलं? मोबाईलवरून लिहितोय त्यामुळे कमांड देवनागरीतच, उच्चारावरून समजून घ्या.

अर्धवटराव

कशाला कंपाइल करत बसलात राव, डिस्ट्रोचं होतं ते काय वाईट होतं? सगळं काढून परत टाका.

कोरीपाटी

काढून परत टाकलं तर ६.२ च येणार ना. ते मलापण येतं.

जुनंखोड

कंपाइल झालं म्हणजे सगळं आत आलं असं नसतं. क्यूएमूचं कॉन्फिगर स्वभावानं फार भिडस्त आहे, एखादी लायब्ररी सापडली नाही तर भांडत नाही, गपचूप ते फीचर वगळतं आणि पुढे जातं. जीलिबसारख्या ज्याच्याशिवाय अजिबात चालत नाही त्याच्यासाठीच ते थांबतं. बाकीच्यांचं काय झालं ते कॉन्फिगरच्या शेवटी जी लांबलचक यादी येते तिच्यात लिहिलेलं असतं, प्रत्येक ओळीपुढे यस नाहीतर नो. ती यादी कोणी वाचत नाही, मीही पहिली काही वर्षं वाचली नव्हती. तुम्ही ती परत काढा आणि स्लर्प (नेटसाठी), जीटीके, एसडीएल (दोन्ही विंडो दाखवण्यासाठी) आणि केव्हीएम (प्रोसेसरच्या मदतीनं मशीन पळवण्यासाठी) एवढ्या चार ओळी बघा. पैज लावतो, पहिल्या तिन्हींपुढे नो आहे.

आता ६.२ मध्ये चालत होतं आणि इथं का नाही ते सांगतो. युजर नेटवर्किंगचं सगळं काम लिबस्लर्प नावाची लायब्ररी करते. पूर्वी तिचा सोर्स क्यूएमूच्या सोर्सबरोबरच यायचा, त्यामुळे सिस्टीमवर असो वा नसो, फरक पडत नव्हता. ७.२ पासून, म्हणजे २०२२ च्या डिसेंबरपासून, ती सोबत येणं बंद झालं. आता सिस्टीमवर तिचं डेव्हलपमेंट पॅकेज असेल तरच युजर नेट मिळतं. डिस्ट्रोवाले ते बघून बांधतात म्हणून त्यांच्या पॅकेजात सगळं असतं, आपण बांधताना ते आपल्या डोक्यावर.

विंडोचं तेच. जीटीके नाही, एसडीएल नाही, मग दाखवणार कशात? म्हणून ते बिचारं व्हीएनसी सर्व्हर चालू करून वाट बघत बसतं. तुमचं मशीन तेव्हा चालूच होतं, एखादा व्हीएनसी व्ह्यूअर ५९०० ला जोडला असता तर दिसलं असतं.

लिबस्लर्प आणि जीटीके ३ ची डेव्ह पॅकेजेस टाका, जुना बिल्ड फोल्डर पूर्ण उडवा, आणि कॉन्फिगर करताना इनेबल-स्लर्प, इनेबल-जीटीके असं स्पष्ट लिहा. स्पष्ट मागितलं की भिडस्तपणा जातो, लायब्ररी नसेल तर तिथंच एरर देऊन थांबतं. मी तर जे जे लागतं ते सगळं नाव घेऊन मागतो.

कोरीपाटी

तुम्ही पैज जिंकलात, तिन्हीपुढे नो. केव्हीएमपुढे यस आहे.

पॅकेजेस टाकली, फोल्डर उडवला, परत कॉन्फिगर केलं, यादीत यस आलं. पण आता निंजा (कंपाइलचं काम करणारं साधन) दोन तास चालून मधेच मेलं, फक्त 'किल्ड' असा एक शब्द. रॅम ४ जीबी आहे. मागच्या वेळी रात्री लावून झोपलो होतो तेव्हा कसंबसं झालेलं.

खारूताई

दोन तास?? टार्गेट-लिस्ट (कुठल्या प्रोसेसरसाठी बांधायचं ती यादी) दिली नाहीत ना? काही न सांगता कॉन्फिगर केलं तर ते एआरएम, मिप्स, पॉवरपीसी, रिस्क-फाइव्ह, एस३९०, स्पार्क सगळं सगळं बांधत बसतं, आणि वर त्या प्रत्येकाचं लिनक्स युजर मोडवालं वेगळं. तुम्हाला एक्सपी आणि साधं लिनक्स चालवायचंय, म्हणजे एक्स८६-६४ सॉफ्टएमएमयू एवढं एकच टार्गेट पुरे. ३२ बिटचं एक्सपीसुद्धा त्याच्यातच चालतं, वेगळं आय३८६ बांधायची गरज नाही. दोन तासाचं काम काही मिनिटांवर येईल.

आणि तो किल्ड म्हणजे मेमरी संपली म्हणून कर्नलनं उडवलंय, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) बघा, आउट ऑफ मेमरी दिसेल. निंजा आपणहून सगळे कोअर वापरतं, मेकसारखं एकेक करत नाही, त्यामुळे शेवटी चार पाच मोठ्या बायनरी एकदम लिंक व्हायला आल्या की ४ जीबी कुठल्या कुठे जातात. निंजाला जे २ असं सांगा. मी असंच एकदा माझ्या जुन्या मशीनवर अख्खी रात्र घालवलेली आणि सकाळी तोच एक शब्द :(

अजून एक, सोर्स कुठून घेतलात? गिटवरून क्लोन केला असेल तर तिथं वॉर्निंगलाच एरर मानायचं सेटिंग आपोआप चालू असतं, तुमचा कंपायलर जरा नवीन असला की एखादी फालतू वॉर्निंग येते आणि बिल्ड पडतं, त्याला डिसेबल-डब्ल्यूएरर. आणि कोड होस्टिंगच्या साइटवर जे झिपचं बटण असतं ते अजिबात नको, त्याच्यात सबप्रोजेक्ट्स येतच नाहीत. प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवरची रिलीजची टारबॉल घ्यायची.

कोरीपाटी

टारबॉलच होती. एक टार्गेट दिलं, जे २ दिलं, जेवढ्या वेळात तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला तेवढ्यात अर्धं झालं होतं. विंडो उघडली!! थँक्यू खारूताई, थँक्यू जुनंखोड.

पण नेट अजून नाही. लिनक्स गेस्टमध्ये (क्यूएमूच्या आतल्या मशीनमध्ये) आयपी आला १०.०.२.१५, गेटवे १०.०.२.२ दाखवतंय, पिंग ८.८.८.८ केलं तर एकही उत्तर नाही. आणि होस्टवरून (म्हणजे लॅपटॉपवरून) १०.०.२.१५ ला पिंग केलं तर तेही नाही. डीएनएस बदलून बघितलं, गेस्टची फायरवॉल बंद केली, कार्डाचं मॉडेल बदललं, काही नाही.

जुनंखोड

तुमचं नेट चालू आहे. गेस्टमध्ये पिंग सोडा आणि एखादं पान कर्लनं उघडून बघा.

कोरीपाटी

उघडलं 😳 म्हणजे मी कालची अख्खी संध्याकाळ चालू असलेलं नेट दुरुस्त करत होतो?

जुनंखोड

हो. आणि तुम्ही पहिले नाही. या एका पिंगनं जेवढ्या लोकांचा वेळ खाल्लाय तेवढा क्वचितच दुसऱ्या कशानं खाल्ला असेल. म्हणून जरा बैजवार लिहितो.

युजर मोडमध्ये खरं नेटवर्क असं काही नसतंच. गेस्ट जे पॅकेट पाठवतो ते क्यूएमूच्या प्रोसेसच्या पोटात लिबस्लर्पकडे जातं. ती ते उघडून बघते, हे टीसीपी आहे, अमुक पत्त्याला अमुक पोर्टला जायचंय, मग ती होस्टवर एक साधं सॉकेट उघडून तिकडे जोडणी करते, जसं तुमचा ब्राउझर करतो तसंच. तिकडून आलेला डेटा परत पॅकेटात भरून गेस्टला देते. गेस्टला वाटतं आपल्यापुढे राउटर आहे. १०.०.२.२ हा राउटर, १०.०.२.३ हा डीएनएस, आणि डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सोय) पहिला पत्ता देतं तो १०.०.२.१५, हे सगळं त्या प्रोसेसच्या आतलं नाटक आहे. म्हणूनच याला रूट (प्रशासकाचे अधिकार) लागत नाही, वायफाय असो की काही असो, होस्टला नेट आहे तर गेस्टला आहे.

टीसीपी आणि यूडीपीसाठी साधं सॉकेट कोणालाही उघडता येतं. पिंग म्हणजे आयसीएमपी, त्याच्यासाठी बऱ्याच लिनक्सवर साध्या युजरला परवानगी नसते. तिथं बाहेरचं पिंग स्लर्पमध्ये हरवतं. सिसकंट्रोलमध्ये पिंग-ग्रुप-रेंज नावाची किल्ली आहे, तिच्यात तुमच्या ग्रुपचा आकडा बसेल असं केलं तर ते पण चालू होतं, पण त्याची गरज नाही. तपासायला कर्ल वापरा.

आणि होस्टवरून १०.०.२.१५ ला पिंग कसं होणार, होस्टच्या राउटिंग टेबलात तो पत्ताच नाही. तो पत्ता फक्त त्या प्रोसेसच्या पोटात आहे. होस्टवरून आत शिरायचं तर होस्ट-फॉरवर्ड द्यायचं, म्हणजे होस्टचं २२२२ पोर्ट गेस्टच्या २२ ला जोड, मग होस्टवर लोकलहोस्टच्या २२२२ ला एसएसएच केलं की गेस्टमध्ये. होस्टचं पोर्ट १०२४ च्या वरचं घ्या, खालचं साध्या युजरला मिळत नाही. मशीन चालू असतानाच क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये (क्यूएमूला कमांड द्यायची आतली खिडकी) जाऊन इन्फो युजरनेट टाइप केलं तर आत्ता कुठली जोडणी कुठे गेलीय ते सगळं दिसतं, कंट्रोल ऑल्ट २ नं मॉनिटर येतो, १ नं परत.

अर्धवटराव

वरचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. मी पण पिंगच करून बघायचो.

अवांतर: याचा उच्चार क्यूएमू की क्वेमू?

खारूताई

इम्युलेटरमधलं ते एमू आहे ना, त्याच्या आधी क्यू. म्हणून क्यूएमू. पण क्वेमू म्हणणारे पण पुष्कळ आहेत, ऑफिसात मी दोन्ही ऐकलंय.

कोरीपाटी

आता एक्सपी. इन्स्टॉल झालं पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये इथरनेट कंट्रोलरपुढे पिवळं प्रश्नचिन्ह. कुठेतरी वाचलं की व्हर्टिओ सगळ्यात फास्ट म्हणून ते दिलं होतं. आणि मशीन भयंकर हळू आहे, खिडकी ओढली की मागे शेपूट राहतं. ६.२ मध्ये असं नव्हतं.

खारूताई

व्हर्टिओ फास्ट आहे हे खरंय पण ते कार्ड जगात कुठे प्रत्यक्षात नाही. बाकीची मॉडेल्स, म्हणजे ई१०००, आरटीएल८१३९, पीसीनेट, ही खऱ्या चिप्सची नक्कल आहे, गेस्टचा ड्रायव्हर एकेक रजिस्टर लिहितो आणि क्यूएमू त्या चिपसारखं वागून दाखवतं. व्हर्टिओ मुळातच व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलंय, गेस्टला माहीत असतं की आपण आत आहोत आणि मेमरीतल्या रांगेतून सरळ देवाणघेवाण होते. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतो. विंडोजमध्ये नाही येत, तो वेगळा टाकावा लागतो. एक्सपीला मॉडेल आरटीएल८१३९ द्या, त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीतच आहे, चालू केल्या केल्या प्रश्नचिन्ह जाईल. यंत्राच्या सॉफ्टवेअरला तेवढा वेग पुष्कळ झाला.

हळू का ते जुनंखोड सांगतील पण मला अंदाज आहे, आधी तुम्ही कुठली कमांड द्यायचात?

कोरीपाटी

आधी नुसती केव्हीएम अशी कमांड होती. आता क्यूएमू-सिस्टीम-एक्स८६-६४.

खारूताई

वाटलंच. ती केव्हीएम नावाची कमांड म्हणजे डिस्ट्रोनं ठेवलेली एक छोटी स्क्रिप्ट असते, ती आतून क्यूएमूच चालवते पण केव्हीएम चालू कर असं सांगून. तुम्ही स्वतः बांधलेल्याला ते सांगितलंच नाहीत, मग ते टीसीजीवर चाललं, म्हणजे गेस्टची प्रत्येक इन्स्ट्रक्शन सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर करून. अॅक्सेल केव्हीएम द्या.

कोरीपाटी

दिलं. केव्हीएम मॉड्यूल उघडता आलं नाही, परमिशन डिनाइड. सुडो लावून चालवू का?

जुनंखोड

सुडो नको रे बाबा. अख्खं क्यूएमू रूट म्हणून कशाला चालवतोस. स्लॅश-डेव्ह-स्लॅश-केव्हीएम ही फाइल केव्हीएम ग्रुपच्या मालकीची असते, स्वतःला त्या ग्रुपात घाल आणि लॉगआउट करून परत ये. लॉगआउट महत्त्वाचं, नुसतं नवीन टर्मिनल उघडून ग्रुप लागत नाही. परमिशनऐवजी फाइलच नाही असं म्हणालं असतं तर मग बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का ते बघायचं.

(एकदम अरेतुरेवर आलो, चालेल ना?)

कोरीपाटी

चालेल काय, पळेल. एक्सपी पण पळतंय आता, नेटसकट.

मौनी

इथंच विचारतो, वेगळा धागा नको. माझं विंडोज १० आधी आयडीईवर (डिस्क जोडायची जुनी पद्धत) इन्स्टॉल केलेलं, वेग वाढावा म्हणून डिस्क व्हर्टिओ केली तर निळा स्क्रीन, इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. परत आयडीई केलं की सुरू होतं. व्हर्टिओच्या ड्रायव्हरची आयएसओ लावून आतला इन्स्टॉलर पण चालवलाय, तरी तेच.

खारूताई

ड्रायव्हर डिस्कवर पडला म्हणून बूटच्या वेळी लोड होतोच असं नाही. विंडोजनं ते हार्डवेअर एकदा डोळ्यांनी बघितलं पाहिजे, मगच ते त्याला बूटच्या वेळी लागणाऱ्यांच्या यादीत घेतं. म्हणून युक्ती अशी, मुख्य डिस्क आयडीईवरच ठेवा आणि १ जीबीची एक रिकामी डमी डिस्क व्हर्टिओवर जोडा. विंडोज सुरू करा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवीन कंट्रोलर दिसेल, त्याला आयएसओतल्या व्हायोस्टोर फोल्डरमधला डब्ल्यू१० चा एएमडी६४ ड्रायव्हर द्या. डमी डिस्क दिसायला लागली की बंद करा, डमी काढा, मुख्य डिस्क व्हर्टिओ करा. नेटचा ड्रायव्हर त्याच आयएसओत नेटकेव्हीएम फोल्डरात असतो.

मौनी

झालं. गेला महिनाभर आयडीईवर काढला मी.

त्याच नादात एका लिनक्स गेस्टचं मशीन टाइप (क्यूएमू कुठल्या मदरबोर्डाची नक्कल करतं ते) पीसीवरून क्यू३५ केलं तर त्याचं नेट गेलं, पण ते माझं मलाच सापडलं. पीसीआयची मांडणी बदलते त्यामुळे कार्डाचं नाव ईएनएस३ होतं ते ईएनपी०एस२ झालं आणि कॉन्फिग फाइलीत जुनंच नाव. कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो.

कोरीपाटी

आता शेवटचा डोंगर. दोन लिनक्स मशीन एकमेकांशी बोलायला पाहिजेत. युजर मोडमध्ये दोघांनाही १०.०.२.१५ च मिळतो. ते आता समजलं, दोन वेगळ्या प्रोसेस, दोन वेगळी पोटं. म्हणून ब्रिज (होस्टमधला आभासी नेटवर्क स्विच) करायला घेतला. वायफायचं कार्ड ब्रिजमध्ये टाकताच येईना, ऑपरेशन नॉट सपोर्टेड.

जुनंखोड

येणार नाहीच. वायफायमध्ये अॅक्सेस पॉइंटशी ज्या मॅक पत्त्यानं (नेटच्या कार्डाचा ओळख-क्रमांक) ओळख झालीय त्याच पत्त्याच्या फ्रेम्स तो घेतो, गेस्टचा वेगळा मॅक त्याला अनोळखी. केबल लाव. आणि एक लक्षात ठेव, इथरनेट कार्ड ब्रिजमध्ये टाकलं की आयपी ब्रिजवर द्यायचा, कार्डावर नाही, नाहीतर होस्टचंच नेट जाईल.

नुसतं दोघांनीच एकमेकांशी बोलायचं असेल तर ब्रिजशिवाय सॉकेट नेटडेव्हनंही (नेटडेव्ह म्हणजे क्यूएमूची नेट-जोडणी) होतं, एक लिसन करतो दुसरा कनेक्ट. पण शिकायचंच आहे तर ब्रिज कर.

कोरीपाटी

केबल लावली, ब्रिज झाला, होस्टचं नेट एकदा गेलं (तुमचं वाक्य नंतर वाचलं), परत आणलं. आता मशीन चालू करताना ब्रिज हेल्पर म्हणतो की एसीएल फाइल (कुठला ब्रिज वापरायला परवानगी ती यादी) वाचता येत नाही. फाइल तर आहे, ईटीसीत क्यूएमू फोल्डरमध्ये ब्रिज-डॉट-कॉन्फ, आत अलाव बीआर० लिहिलंय.

जुनंखोड

मेसेजमध्ये पाथ पूर्ण वाच. यूएसआर-लोकल-ईटीसी असं असेल. तू प्रीफिक्स न देता बांधलंस, म्हणजे तुझ्या क्यूएमूचं सगळं बिऱ्हाड यूएसआर-लोकलमध्ये, ते डिस्ट्रोच्या ईटीसीत बघतच नाही. फाइल तिकडे ठेव. त्यानंतर टन डिव्हाइस (आभासी नेट कार्ड) बनवता आलं नाही असा एरर येईल, कारण डिस्ट्रोचा हेल्पर सेटयूआयडी (कोणीही चालवला तरी मालकाच्या अधिकारानं चालणारा) असू शकतो पण तू इन्स्टॉल केलेला नाहीये, त्याला रूटच्या मालकीचा ठेवून सेटयूआयडी बिट लाव.

कोरीपाटी

तुम्ही माझ्या मागे उभे राहून बघताय का? दोन्ही एरर त्याच क्रमानं आले. दोन्ही गेले. मशीन सुरू झालं पण आयपी मिळत नाहीये, डीएचसीपी वाट बघून थकतं.

जुनंखोड

आता अंदाज बंद, पॅकेट बघू. क्यूएमूला ऑब्जेक्ट फिल्टर-डंप द्यायचं, त्याला नेटडेव्हचा आयडी आणि फाइलचं नाव. त्या फाइलीत गेस्टच्या कार्डातून आतबाहेर गेलेलं सगळं पडतं, वायरशार्कमध्ये उघडते. तिकडे डिस्कव्हर (गेस्टची आयपीची मागणी) जातंय का आणि ऑफर (त्याला उत्तर) येतेय का एवढंच सांग. सोबत होस्टवर टीसीपीडंप लावून केबलच्या कार्डावर तेच डिस्कव्हर दिसतंय का बघ.

कोरीपाटी

डंपमध्ये डिस्कव्हर चार वेळा, ऑफर शून्य. केबलच्या कार्डावर डिस्कव्हरच नाही. म्हणजे गेस्टमधून निघतंय आणि होस्टच्या आतच गायब होतंय?

जुनंखोड

बरोब्बर. गेस्ट सुटला, कार्ड सुटलं, ड्रायव्हर सुटला. होस्टवर कंटेनरवालं काही आहे का?

कोरीपाटी

आहे. पण चालू कंटेनर एकही नाही.

जुनंखोड

कंटेनर नसला तरी त्याची सर्व्हिस सुरू होताना फायरवॉलच्या फॉरवर्ड चेनची (इकडून तिकडे जाणाऱ्या पॅकेटांचे नियम) पॉलिसी ड्रॉप करून ठेवते, आणि बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल लोड झालं की ब्रिजवरून इकडून तिकडे जाणारी फ्रेमसुद्धा आयपीटेबल्समधून (त्याच फायरवॉलमधून) जाते. खरं तर ब्रिज म्हणजे स्विच, त्यात आयपीच्या नियमांचं काय काम, पण आहे तसं आहे. बीआर० मधून येऊन बीआर० लाच जाणाऱ्याला अॅक्सेप्ट असा एक नियम फॉरवर्डमध्ये वर टाक. ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स शून्य करूनही जातं पण मग कंटेनरांचे आपापसातले नियम लागू होत नाहीत, ते तुला नको असेल.

कोरीपाटी

आला आयपी! दुसरं मशीन चालू केलं, त्यालाही आला. पण तोच!! आणि दुसरं चालू झालं की पहिल्याचं एसएसएच गोठतं, थोड्या वेळानं हललं की दुसरं गोठतं.

मौनी

मॅक. मॅक नाही दिला तर क्यूएमू पहिल्या कार्डाला दरवेळी ५२:५४:००:१२:३४:५६ हाच देतं, दोन वेगळ्या प्रोसेसना एकमेकींचा पत्ता नसतो. एकाचा शेवटचा आकडा ५७ करा.

कोरीपाटी

केला ५७. आयपी अॅड्रेसमध्ये मॅक वेगळे दिसतायत. आयपी दोघांना परत तोच. हे कसं शक्य आहे, राउटर मॅक बघूनच देतो ना?

खारूताई

दुसरं मशीन पहिल्याची डिस्क कॉपी करून बनवलंत का?

कोरीपाटी

हो, परत कोण इन्स्टॉल करत बसणार.

खारूताई

मग डंप उघडा आणि दोन्हीच्या डिस्कव्हरमध्ये ऑप्शन ६१ बघा, क्लायंट आयडेंटिफायर. सिस्टमडी-नेटवर्कडी (लिनक्समधली नेट जोडणारी सेवा) तिथं मॅक पाठवत नाही, मशीन-आयडीवरून (प्रत्येक इन्स्टॉलचा स्वतःचा आकडा) बनवलेला एक आकडा पाठवतं, आणि डीएचसीपी सर्व्हरला तो मिळाला की मॅकपेक्षा तोच खरा धरतो. डिस्क कॉपी केली म्हणजे मशीन-आयडी पण कॉपी.

कोरीपाटी

ऑप्शन ६१ अक्षर न् अक्षर सारखा. हे मला दहा जन्मात सापडलं नसतं. ईटीसीतली मशीन-आयडीची फाइल डिलीट करून रीबूट मारलं, नवीन फाइल तयार झाली, पण आत परत जुनाच आकडा आला! कुठून आणतंय ते?

जुनंखोड

डीबसकडून (प्रोग्राम्सना एकमेकांशी बोलू देणारी सेवा). व्हार-लिब-डीबसमध्ये पण एक मशीन-आयडी असते. काही ठिकाणी ती नुसती लिंक असते, तुझ्याकडे खरी फाइल असणार. सिस्टमडीला स्वतःची सापडली नाही की ते डीबसची उचलून वापरतं. ती डिलीट कर, ईटीसीतली डिलीट न करता रिकामी कर, मग रीबूट.

कोरीपाटी

एक १९२.१६८.१.४१, दुसरा १९२.१६८.१.४२. एकमेकांना पिंग करतायत. आणि हो, इथं पिंग चालतंय, कर्ल करून पण बघितलं :)